फॉग लाइट स्वतः जोडले तेव्हा घोडं कुठे अडलं? (अनुभव धागा)

गाडीसोबत न आलेले, मागाहून आणलेले फॉग लाइट आणि त्यांचं बटण ज्यांनी स्वतः जोडलंय, त्यांना आवाहन. 'एकदम झकास दिसतात' हे नको, ते सगळ्यांनाच वाटतं. काय चुकलं, किती वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी काय निघालं ते लिहा. सुरुवात मीच करतो.

पाकिटातून दोन दिवे, वायरींचा जुडगा, बटण आणि एक काळा चौकोनी डबा निघाला. डबा म्हणजे रिले, छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मला वाटलं, घरात बटण दाबलं की दिवा लागतो, मग इथे मध्ये हा कशाला? ठेवला बाजूला. ५५ वॉटचे दोन हॅलोजन, म्हणजे ११० वॉट. घरी २३० व्होल्टला एवढ्यासाठी अर्धा ॲम्पिअरही लागत नाही. गाडीत १२ व्होल्टला तेच ९ ॲम्पिअरच्या वर जातं. हा हिशेब मी नंतर केला. आधी तो सगळा करंट डॅशबोर्डवरच्या नखाएवढ्या बटणातून नेला.

तिसऱ्या रात्री दिवे बंद करायला बोट लावलं, तर बटण आत गेलं आणि आतच राहिलं. प्लास्टिक मऊ झालेलं, जळका वास, दिवे चालूच. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि बॅटरीवरची वायर अक्षरशः उपटली. फ्यूज होता की! ३० ॲम्पिअरचा, कारण हाताशी तोच होता. ९ ॲम्पिअरला तो कशाला उडेल?

आता तोच काळा डबा बसवलाय. बटणातून फक्त रिलेच्या कॉइलपुरता, १५० मिलिॲम्पिअरच्या आसपास करंट जातो. बटण कधी कोमटसुद्धा लागत नाही. फ्यूज १५ चा.

पक्कडवाला

वरच्या गोष्टीला जोडून. फ्यूज दिवा वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, हे मला वायर जळाल्यावर कळलं. माझा फ्यूज बरोबर होता, १५ चाच, पण बसवला होता दिव्यांजवळ, कारण तिथे हात सहज पोचत होता. बॅटरी ते फ्यूज हा सव्वा मीटरचा तुकडा रामभरोसे. तो एका पत्र्याच्या कडेवरून गेला होता. चार महिने घासला आणि एके दिवशी तांबं पत्र्याला टेकलं. धूर आला. फ्यूज शाबूत! त्याच्यापर्यंत करंट पोचलाच नव्हता ना.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात हवा. आणि वायरीला पन्हळी नळी घाला, टेपच्या गुंडाळ्यांवर जाऊ नका. इंजिनच्या उष्णतेने टेपचा चिकटा पातळ होतो आणि टेप आपणहून सुटत जाते.

उलटी गंगा

माझं थोडक्यात. बटण चालू केलं की दिवे बंद, बटण बंद केलं की दिवे चालू. दोन तास बटणालाच उलटंपालटं करत बसलो. रिले पाच पिनांचा होता आणि मी दिव्यांची वायर ८७ ऐवजी मधल्या ८७ए वर खोचली होती. रिले झोपलेला असताना ३० नंबरची, म्हणजे बॅटरीची वीज येते ती पिन ८७ए ला जोडलेली असते, कॉइल जागी झाली की ८७ ला. आकडे पिनांजवळच छापलेले होते. चष्मा घरात होता.

मिणमिणती

माझे दिवे लागायचे, पण देवघरातल्या समईसारखे. आधी बल्ब बदलले. मग दुसऱ्या वॉटचे आणायच्या बेतात होते, तेवढ्यात शेजारचे काका आले. वायरमन होते ते, आता निवृत्त. म्हणाले, "पोरी, बल्ब राहू दे. आधी मीटर आण."

इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. दिव्याच्या दोन टोकांत ११.९. म्हणजे सव्वादोन व्होल्ट वाटेत गायब. मग काकांनी मीटरची एक सळई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी दिव्याच्या धन वायरीला लावली: ०.४. ठीक. तेच उणे बाजूला केलं: १.८! मी आपली सगळी काळजी लाल वायरीची घेतली होती. चांगली २.५ चौरस मिलिमीटरची टाकली होती. काळ्या वायरीला, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या उणे टोकाला जाणाऱ्या 'अर्थ'ला, मात्र जवळचा एक बोल्ट दाखवून मोकळी झाले होते. त्या बोल्टखाली रंगाचा जाड थर होता. जो काही संपर्क होता, तो आट्यांतून.

काकांनी सॅंडपेपर मागवला. बोल्टभोवती रुपयाएवढी जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासली. मग दातेरी वॉशर, वायरीच्या टोकाला गोल लग (धातूची कडी), बोल्ट घट्ट आणि वरून ग्रीस, गंज धरू नये म्हणून. पुन्हा मोजलं तर उणे बाजूला ०.१. दिव्यांकडे बघून मी 'अगंबाई!' म्हणाले. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. ११.९ ला मला १४.१ च्या निम्म्याहून जरासाच जास्त उजेड मिळत होता. दोन बल्ब उगाच बदलले, ते अजून खणात पडलेत.

आता वाहनातला कुठलाही दिवा मंद दिसला की मी आधी काळी वायर मोजते.

तीन पिना

बटणातच दिवा असेल तर त्याला तिसरी पिन असते, ती त्या छोट्या दिव्याच्या अर्थसाठी. मी तिथेच घोळ घातला. अर्थ लावला आउटपुटच्या पिनेला आणि रिलेची वायर गेली अर्थच्या पिनेवर. बटण दाबायचं, टप्, फ्यूज उडायचा. तीन फ्यूज उडवल्यावर अक्कल आली. माझ्या बटणात अर्थची पिन पितळी रंगाची आणि बाकी दोन पांढरट होत्या, पण रंगावर विसंबू नका. मीटर 'बीप'वर ठेवा आणि बटण चालू केल्यावर कुठल्या दोन पिना एकमेकींना भेटतात ते बघा. राहिलेली तिसरी अर्थ.

सकाळी धक्का

माझी सगळी जोडणी बरोबर होती आणि तरी गाडी सकाळी चालू झाली नाही. बटणाला वीज थेट बॅटरीवरून दिली होती. किल्ली काढली तरी दिवे चालूच राहणार. रात्री भिंतीकडे तोंड करून गाडी लावली असती तर उजेड दिसला तरी असता. ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी, ९ ॲम्पिअरचा भार. पहाटेपर्यंत काय उरणार? सकाळी चौघांनी गाडी ढकलली, पाचवा सल्ले देत होता.

आता बटणाची वीज पार्किंग लाइटच्या वायरीवरून घेतली आहे. पार्किंग लाइट चालू असतील तरच फॉग लाइट लागतात आणि ते बंद केले की हेही विझतात. संयुक्त राष्ट्रांच्या ४८ क्रमांकाच्या वाहन-प्रकाश नियमातही साधारण हीच रचना सांगितली आहे: पार्किंगचे दिवे आधी, पण हेडलाइटपासून स्वतंत्रपणे चालू-बंद करता आलं पाहिजे. कुणी अप्परवरून वीज घ्यायला सांगितलं तर ऐकू नका. दाट धुक्यात अप्पर लावलं की समोर पांढरी भिंत उभी राहते, आणि नेमके तेव्हाच हे दिवे एकटे हवे असतात.

सायकलचा स्पोक

विजेचं मला जमलं, वायर आत नेणं जमेना. इंजिनच्या बाजूने डॅशबोर्डखाली यायला मूळ वायरींचं जाड रबरी बूच असतं. त्याला बारीक छिद्र पाडून सायकलचा जुना स्पोक घुसवला, वायर त्याच्या टोकाला टेपने बांधली आणि आतून ओढली. नवं भोक पाडायचंच झालं तर त्यात रबरी बूच बसवल्याशिवाय वायर घालू नका, पत्र्याची कड सुरीसारखी असते. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर हात मागे. त्या एअरबॅगच्या. टेस्ट लॅम्पही (वीज आहे का ते बघायचा दिवा) लावायचा नाही.

खरखर

एलईडी घेतले. एक लागला, एक नाही. हॅलोजनला धन-उणे सारखंच, एलईडीला नाही. वायरी उलट केल्या, लागला. मग दिवे लावले की रेडिओवर खरखर सुरू. दिव्यांच्या वायरी ॲंटेनाच्या केबलपासून लांब नेल्या आणि फेराइटचं कडं (खरखर शोषणारं, वायरीवर बसणारं) घातलं. पूर्ण गेली नाही, पण बातम्या ऐकू येतात.

खाली मान

जोडणीबद्दल सगळे बोलले, रोखण्याबद्दल कुणीच नाही. मी माझे दिवे जाळीसमोर, हेडलाइटच्या उंचीवर लावले होते, दिसायला दणकट म्हणून. समोरचा प्रत्येक जण मला अप्पर मारून शिव्या घालायचा. धुक्यात तर माझेच दिवे माझ्या डोळ्यांत. हे दिवे खाली असतात ते याचसाठी: झोत पसरट, वरची कड कापलेली, उजेड नजरेच्या रेषेखालून जातो आणि परत डोळ्यांत येणारं पांढरेपण कमी होतं. वर सांगितलेल्या ४८ क्रमांकाच्या नियमात साध्या कारसाठी जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटर अशी मर्यादा आहे, आणि लोअरच्या दिव्यांपेक्षा वर नाही.

आता बंपरच्या खालच्या भागात आहेत. सपाट जागी भिंतीसमोर गाडी उभी केली, दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि झोताची वरची कड त्या रेषेच्या खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले. मागच्या सीटवर दोन जणांना बसवून. रिकाम्या गाडीत रोखलेले दिवे माणसं बसली की वर बघायला लागतात.

आणि पिवळ्या रंगाबद्दल: पिवळा उजेड धुकं 'भेदतो' असं मीही मानायचो. धुक्याचा थेंब काही मायक्रॉनपासून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्याच्या कित्येक पटींपर्यंतचा, उजेडाची लहर एका मायक्रॉनहूनही लहान, त्यामुळे थेंब सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे असावे लागायचे, तरी धुकं तिथेही पडायचंच. डोळ्यांना पिवळा सौम्य वाटतो म्हणून मी पिवळेच ठेवलेत, ती आवड झाली.

नवशिका

आत्ता गाडीपाशीच बसून लिहितोय. बटण दाबलं की रिले टक् वाजतो, दिवे लागत नाहीत. अर्थ घासून झाला.

पक्कडवाला

३० च्या पिनेवर किती व्होल्ट?

नवशिका

१२.५.

पक्कडवाला

टक् वाजल्यावर ८७ च्या वायरीवर?

नवशिका

शून्य. रिलेही बदलून पाहिला. तेच.

पक्कडवाला

मग रिले उपट आणि सॉकेट मागून बघ. चारही पट्ट्या एका पातळीत आहेत?

नवशिका

एक मागे सरकलीये. ८७ चीच.

पक्कडवाला

पुढे ढकल. कट् असा आवाज आला पाहिजे, नाहीतर रिले खोचताना पुन्हा मागे जाईल.

नवशिका

आला. दोन्ही लागले!