रक्त पातळ करायची गोळी आणि घरात सारखं पडणारं माणूस: तुमचे अनुभव लिहा

आईला एएफ आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित, त्यात पार्किन्सन्स, तोल जातो. इंदूरला रामबागेत जुनं घर, उंबरे उंच. परवा परत पडली तर मामा म्हणतो ती गोळी आधी बंद करा, डोक्यात रक्तस्राव झाला म्हणजे? डॉक्टर साफ नाही म्हणाले. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा, आणि एएफमध्ये हा धोका साधारण ५ पट असतो म्हणे. मला पटतंय पण मन घाबरतं. तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहा.

लोकमान्य नगर
ताई, प्लीज स्वतःच्या मनाने बंद करू नका. सासऱ्यांची गोळी एका डॉक्टरांनी "पडतात ना" म्हणून काढली आणि नुसती ॲस्पिरिन दिली, पुढे लकवा झाला, उजवा हात गेला, आता नातीला हाक मारायची तरी शब्द सापडत नाही त्यांना. नंतर न्यूरोवाल्यांनी सांगितलं की २०११ च्या ॲव्हेरोज अभ्यासात ॲपिक्साबॅनने (रक्त पातळ करायची नवी गोळी) स्ट्रोक म्हणजे लकवा ॲस्पिरिनपेक्षा निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

सुदामानगर
बाबांचा मिट्रल व्हॉल्व्ह (हृदयातली झडप) आकसलेला, त्यामुळे रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनी ॲसिट्रोमच. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाजीने गोळीचा असर कमी-जास्त होतो, पण थंडीत मेथी-पालक बंद नाही केला, रोज साधारण तेवढाच देतो. मध्ये ॲंटिबायोटिक चालू होतं तेव्हा आयएनआर ४ च्या वर गेला, म्हणून आता कुठलंही नवीन औषध आलं की लगेच जांच करून घेतो. गुडघे दुखले तरी डायक्लोफेनॅक नाही, रक्तस्राव वाढतो.

साऊथ तुकोगंज
मी निवृत्त नर्स. १९९९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता, वॉरफरिनचा (रक्त पातळ करायची जुनी गोळी) फायदा पुसला जायला माणूस वर्षाला सुमारे २९५ वेळा पडावा लागेल. हिशोबच आहे तो, किडनी खराब असेल, आधी रक्तस्राव झालेला असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. पण डोक्याला मार लागला की वरून ठीक दिसलं तरी लगेच दवाखान्यात न्या, सीटी करायला सांगतील. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, शिरा ताणलेल्या असतात, रक्त हळूहळू साठतं. नंतरचे काही आठवडेही गुंगी, उलटी, डोकेदुखी, बोलण्यात गडबड यावर डोळा ठेवा. आणि आईचं बीपी झोपून आणि उभं करून, दोन्ही मोजलंय का?

रामबाग (धागाकर्ती)
मोजलं काकू, उभी राहिली की बरंच उतरतं! डॉक्टरांनी बीपीची गोळी कमी केलीये, पातळ करायची आहे तशीच. न्हाणीघरात दांडी बसवली, पायपुसणी काढली. रात्री लघवीला मात्र एकटीच उठते, हाक मारत नाही. पलंगाजवळ कमोड खुर्ची कोणी ठेवलीये का, ऐकतात का हो ही माणसं?