'ओके'चा युद्धाशी संबंध नाही

अमेरिकेतल्या यादवी युद्धात एकही सैनिक पडला नाही की फलकावर 'झीरो किल्ड' म्हणजे '0 K' लिहायचे, त्यातून ओके आलं, ही नेहमी सांगितली जाणारी गोष्ट झकास आहे. पण तारखाच जुळत नाहीत. ते युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, आणि ओके छापून आलंय २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये. तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं वापरायची खोड लागली होती. 'ऑल करेक्ट'मधल्या ए आणि सीच्या जागी ओ आणि के घातले, झालं ओके! 'ऑल राइट'चंही तसंच 'ओडब्ल्यू' केलं होतं, ते कधीच मेलं.

मग ओकेच का टिकलं? १८४० ची निवडणूक. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. समर्थकांनी चक्क ओके क्लब काढले, विरोधकांनी त्याच दोन अक्षरांचे टवाळ अर्थ लावले. फुकटची जाहिरात, दुसरं काय! स्वतः व्हॅन ब्यूरन मात्र पडले. हा सगळा माग १९६० च्या दशकात भाषातज्ज्ञ ॲलन वॉकर रीड यांनी जुने अंक चाळून काढला. चॉक्टॉ या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून 'ओके' आलं, ही व्युत्पत्तीही त्यानंतर मागे पडली.