मदत हवी आहे : वाईचे फोटो कॉमन्सवर, संमतीचं काय करायचं?

मंडळी, वाईतले कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि जवळच मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा यांचे फोटो गावकऱ्यांकडून गोळा करून विकिमीडिया कॉमन्सवर (कुणालाही वापरता येतील अशा मुक्त चित्रांचं ऑनलाइन भांडार) चढवायचे आहेत. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो, त्यातली तारीख आणि जीपीएसही पुसलं जातं; म्हणून 'डॉक्युमेंट' करूनच मागवतोय.

अडलंय ते परवान्यावर. हक्क फोटो काढणाऱ्याचा, त्यामुळे 'वापरा की' एवढं कॉमन्सला पुरत नाही. दुसऱ्याचा फोटो चढवायचा तर सीसी बाय-एसए ४.० सारख्या मुक्त परवान्याचा (नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणीही वापरावा, असा) स्पष्ट उल्लेख असलेली त्याची ईमेल लागते, नाहीतर फाइल उडू शकते. त्यात व्यापारी वापरालाही मुभा असते, हे कळलं की लोक बिचकतात (आणि ते साहजिकच आहे).

प्रत्येकाने स्वतःचं खातं काढून अपलोड करणं सोपं, की एकाने सगळ्यांच्या ईमेल जमवणं? ज्येष्ठांना समजेल असा मराठी संमतीचा मसुदा कुणाकडे आहे का?

दुसरं, ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेला मुक्त ऑनलाइन नकाशा) नदीच्या पायऱ्यांच्या घाटाला कोणता टॅग, म्हणजे प्रकार सांगणारी खूण, लावता? नुसत्या पायऱ्या म्हणून नोंदवला तर 'घाट' शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? आणि 'घाट' म्हटलं की लोकांना पसरणीचा डोंगरातला रस्ता आठवतो, ती वेगळीच पंचाईत.