मिशिगनची ऑगस्टमधील प्रायमरी: एकाच पक्षाचा रकाना निवडावा लागतो का?

प्रश्न: ओकलंडवासी

नमस्कार. गेल्या वर्षी मला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि ४ ऑगस्ट २०२६ ची प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार मतदारांनीच ठरवण्याची निवडणूक, ही माझ्या आयुष्यातील अशा प्रकारची पहिलीच निवडणूक असेल. मी सांगली जिल्ह्यात वाढलो. तिकीट कोणाला मिळणार हे मुंबईत किंवा दिल्लीत ठरते, एबी फॉर्म शेवटच्या दिवशी कोणाच्या हाती पडतो याकडे सारा तालुका डोळे लावून बसतो आणि मतदाराचे काम त्यानंतर सुरू होते, एवढीच पद्धत मला ठाऊक आहे. येथे मात्र उमेदवार ठरवण्याचे काम माझ्यावरच आले आहे.

अडचण अशी की राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी मला डेमोक्रॅटिक पक्षातील एक उमेदवार योग्य वाटते, तर गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षातील एका इच्छुकाला मत द्यावेसे वाटते. असे दोन्हीकडे मत देता येते का? एका पक्षाचा रकाना निवडला तर माझी त्या पक्षाचा माणूस म्हणून नोंद होते का? आणि खरी निवडणूक नोव्हेंबरमध्येच असेल, तर ऑगस्टमध्ये एवढा विचार करण्याची गरज आहे का?

उत्तर: लान्सिंगचा वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ऑगस्टच्या मतपत्रिकेवर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात आणि आपण त्यांतील एकाच रकान्यात राहायचे असते. गव्हर्नरसाठी एका रकान्यात आणि प्रतिनिधिगृहासाठी दुसऱ्या रकान्यात खूण केली, तर पक्षीय विभागातील आपली सगळीच मते बाद होतात. मतदान केंद्रावर मोजणी यंत्र अशी मतपत्रिका परत करते आणि नवी मागून घेता येते. टपालाने पाठवलेल्या मतपत्रिकेला ही सोय नाही, म्हणून घरी बसून मत देणाऱ्यांनी अधिक जपावे.

नोंदीची काळजी नको. मिशिगनमध्ये मतदार नोंदणी पक्षानुसार होत नाही आणि ऑगस्टमध्ये आपण कोणता रकाना निवडला हे गुप्तच राहते. राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी वेगळी असते. तिच्यात पक्षाची मतपत्रिका मागून घ्यावी लागते आणि त्या निवडीची नोंद राहते. लोक या दोहोंची गल्लत करतात आणि विनाकारण घाबरतात.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मतपत्रिकेची मागची बाजू पाहा. स्थानिक करांचे प्रस्ताव, म्हणजे शाळा, ग्रंथालय, अग्निशमन दल यांच्यासाठी मालमत्ता कराची मंजुरी, बहुधा तेथे असते. तो विभाग पक्षीय नसल्यामुळे रकान्याचे बंधन त्याला लागू होत नाही.

उत्तर: बेळगावची लेक, डेट्रॉइट

ऑगस्ट महत्त्वाचा का, याचे उत्तर आपल्याच माणसाच्या उदाहरणातून देता येईल. श्री ठाणेदार मूळचे बेळगावकडचे. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतून गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि ग्रेचेन व्हिटमर व अब्दुल अल-सय्यद यांच्यामागे ते तिसरे आले. दोन वर्षांनी ते डेट्रॉइटमधील एका मतदारसंघातून राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे राहिले. या सभागृहात ११० जागा आहेत आणि मुदत अवघी दोन वर्षांची असते. ऑगस्ट २०२० च्या प्रायमरीत अनेक उमेदवार होते आणि साधारण एक तृतीयांश मतांवर ते पुढे निघाले. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघात त्यांना ९० टक्क्यांहून अधिक मते मिळाली. आता सांगा, निर्णय कधी झाला?

२०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या जागेसाठीही हेच घडले: नऊ उमेदवार, ठाणेदारांना सुमारे २८ टक्के मते आणि पक्की डेमोक्रॅटिक जागा. त्यांच्या खर्चाविषयी आणि मतदारसंघाशी असलेल्या नात्याविषयी येथे पुष्कळ टीका झाली आणि ती सगळीच अनाठायी नव्हती, असे माझे मत आहे. पण मते विभागली जात असताना इतर इच्छुकांपैकी कोणी माघार घेतली नाही, हा दोष ठाणेदारांच्या पदरी घालता येत नाही.

म्हणून ओकलंडवासी, आधी आपल्या मतदारसंघाचा कल पाहा. तो एका पक्षाचा बालेकिल्ला असेल तर आमदार ऑगस्टमध्येच ठरतो.

उत्तर: ह्यूस्टनचा जोशी

एक तृतीयांश मतांवर उमेदवार ठरणे टाळण्यासाठी आमच्या टेक्सासमध्ये वेगळा नियम आहे. प्रायमरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांमध्ये पुन्हा मतदान होते. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष डेड फेलन रिपब्लिकन प्रायमरीत डेव्हिड कोव्ही यांच्या मागे पडले होते. मे महिन्यातील फेरमतदानात ते चारशेहूनही कमी मतांनी जिंकले. मिशिगनचा नियम असता तर सभागृहाचा विद्यमान अध्यक्ष मार्चमध्येच घरी बसला असता. तरीही ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण फेरमतदानाला मतदार आणखी रोडावतात आणि पैसा मात्र दुप्पट जातो.

ओकलंडवासी

सर्वांचे आभार. म्हणजे मला गव्हर्नर आणि आमदार यांतील एकच निवड महत्त्वाची मानावी लागेल. पण ज्या पक्षाला नोव्हेंबरमध्ये कदाचित मत देणार नाही, त्याचा उमेदवार मी ठरवावा, हे मनाला पटत नाही. शिवाय हरलेला इच्छुक आपल्याकडच्यासारखा बंडखोरी करून अपक्ष उभा राहिला, तर या साऱ्या खटाटोपाला काय अर्थ राहतो?

उत्तर: लान्सिंगचा वाचक

बंडखोरीचा रस्ता कायद्यानेच बंद केला आहे. प्रायमरीत हरलेल्या उमेदवाराला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अपक्ष किंवा दुसऱ्या पक्षाचा म्हणून मतपत्रिकेवर नाव आणता येत नाही. २०१२ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गॅरी जॉन्सन यांना याच नियमामुळे मिशिगनच्या मतपत्रिकेवर जागा मिळाली नाही; रिपब्लिकन प्रायमरीतून माघार घेण्याची मुदत त्यांच्याकडून अगदी थोडक्यात हुकली होती. आपल्याकडे असा कायदा आला, तर अर्ज मागे घेण्याच्या दिवशी चालणारी मनधरणी निम्म्याने कमी होईल.

औचित्याच्या मुद्द्यावर माझे मत स्पष्ट आहे. उमेदवाराची निवड पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरती ठेवली की काय होते, हे काँग्रेसने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत वर्धा आणि लातूर येथे केलेल्या प्रयोगात दिसले. मत देणारे पक्षाचेच कार्यकर्ते आणि पदाधिकारी होते. वर्ध्यात सागर मेघे यांची निवड झाली, काँग्रेसने दोन्ही जागा गमावल्या आणि पुढे त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेले. पराभवाला त्या वर्षीची लाट कारणीभूत होती हे मान्य; पण दारात येऊन मत मागण्याची वेळ ज्या उमेदवारावर कधी आलीच नाही, त्याची निवड आणि एबी फॉर्म यांत मला फारसा फरक दिसत नाही. मिशिगनच्या कायद्याने मुद्दामच रकाना निवडण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला दिला आहे. तो वापरण्यात लबाडी नाही. दुसऱ्या पक्षाचा सर्वांत कमकुवत उमेदवार निवडून यावा म्हणून मत देणे मात्र मला रुचत नाही, कारण तोच पुढे आमदार झाला तर त्याच्या कारभाराखाली आपल्यालाच राहायचे आहे.

उत्तर: बेळगावची लेक, डेट्रॉइट

मी आमदारकीचा रकाना आधी पाहीन. गव्हर्नरच्या प्रायमरीत लाखो मते पडतात, प्रतिनिधिगृहाच्या प्रायमरीत मात्र काही हजारांवर निकाल लागतो. तेथे एकेका मताचे वजन कितीतरी जास्त असते. सिटी क्लार्कच्या, म्हणजे शहरातील निवडणुकीचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावरून आपली नमुना मतपत्रिका आधी उतरवून घ्या आणि दोन्ही रकान्यांत आमदारकीसाठी किती नावे आहेत ते पाहा. एकीकडे एकच नाव असेल आणि दुसरीकडे चार असतील, तर आपला निर्णय बराच सोपा होईल.