साडेचार वर्षांचा मुलगा तुटक बोलतो, डीएलडी (डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषा शिकण्यात टिकून राहणारी अडचण) असेल का?

घरात दोन भाषा आहेत. मुलगा बोलतो पण "मी काल जातो, ताई पडला" असंच, आणि दोन कामं एकदम सांगितली की एकच करतो. सगळे म्हणतात बोलेल हळूहळू, वाट बघू का?

स्पीचताई: नका बघू, या वयात तपासणी करूनच घ्या. आधी ऑडिओलॉजिस्टकडे कान, बाकी नंतर. दोन भाषांमुळे डिसऑर्डर होत नाही, खरंच असेल तर दोन्हीत दिसतो, म्हणून टेस्टिंगपण दोन्हीत हवं.

निखिलबाबा: पण आयक्यू नॉर्मल असेल तरच डीएलडी म्हणतात ना?

स्पीचताई: ती जुनी एसएलआयवाली (स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट, आधी वापरायचे ते नाव) अट हो, 2017 च्या कॅटलाइज कन्सेन्ससने, म्हणजे तज्ज्ञांच्या एकमताने, काढली. आता बघतात की अडचण टिकणारी आहे का आणि रोजच्या बोलण्याचालण्यात, शिकण्यात आड येते का. ऑटिझम किंवा श्रवणदोष असेल तर मात्र डीएलडी न म्हणता त्या स्थितीशी जोडूनच निदान लिहितात. साधारण 7 टक्के मुलांत सापडतो, म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही.

मिनूचीआई: आणि नुसत्या स्कोअरवर जाऊ नका, अनोळखी खोलीत पोरं गप्प बसतात. तो घरी गोष्ट सांगतो ना, ती फोनवर रेकॉर्ड करून न्या.