मानसशास्त्रीय गुन्हेगारी कादंबरीत योगायोग कुठवर चालतो?

प्रश्न – वाळवंटातला पिंपळ

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहितो आहे. तिचा नायक पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. थोरल्या भावाने वडिलोपार्जित वाडा त्याला न विचारता विकला, या एका गोष्टीभोवती त्याचे मन हळूहळू आंबत जाते आणि शेवटी तो भावाचा खून करतो. गुन्हा कोणी केला हे वाचकाला पहिल्याच प्रकरणात कळते, त्यामुळे सगळा भर त्याच्या मनावर आहे.

अडचण दोन जागी आहे. भावाच्या इमारतीजवळच्या अमृततुल्यात तो चहा पीत बसलेला असताना तिथला रखवालदार सहज बोलून जातो की गुरुवारी घरचे सगळे कोल्हापूरला लग्नाला जाणार असून साहेब एकटेच मागे राहणार आहेत. पुढे खून करून तो जिना उतरत असताना, छत्री विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतलेली शेजारीण त्याला पाहते आणि तो पकडला जातो. हस्तलिखित वाचणाऱ्या एका मैत्रिणीचे म्हणणे असे की दोन्ही प्रसंग लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी घातलेले दिसतात. प्रत्यक्ष आयुष्यात अशा गोष्टी रोज घडतात, मग कादंबरीत त्या खोट्या का वाटाव्यात? दोन्ही काढून टाकू का?

उत्तर – कृष्णाकाठची

पहिला प्रसंग काढू नका, पण त्याची मुळे खोलवर न्या. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये जवळजवळ हाच प्रसंग आहे. उद्या संध्याकाळी सातच्या सुमारास लिझावेता ही सावत्र बहीण घरी नसेल, म्हणजेच जिच्या खुनाचा विचार मनात घोळतो आहे ती सावकारीण म्हातारी एकटी असेल, हे नायक रास्कोलनिकोव्हच्या कानावर बाजारात निव्वळ योगायोगाने पडते. तरीही ते आपल्याला खटकत नाही, कारण तोवर त्याने गहाण ठेवण्याच्या निमित्ताने तिच्या घराची पाहणी केलेली असते आणि आपल्या फाटकापासून तिच्या घरापर्यंतची पावलेही त्याने मोजलेली असतात. ती ७३० भरतात. शिवाय त्या संध्याकाळी बाजारातून जाण्याची त्याला काहीच गरज नव्हती. थकलेला असूनही तो वाकडी वाट करून तिथे का गेला, हा प्रश्न पुढे त्याला स्वतःलाच छळत राहतो.

याच वाकड्या वाटेत सगळे कसब आहे असे मला वाटते. ऐकू आलेले वाक्य योगायोगाचे खरे, पण ते ऐकण्यासाठी त्याचे पाय आपणहून तिथे गेले होते. शिवाय तो स्वतः या योगायोगाचा अर्थ लावतो, नियतीने आपल्याला खूण केली असे मानतो, आणि मनाने घेतलेला निर्णय दैवाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. तुमचा मुद्रितशोधक त्या अमृततुल्यात त्याच दिवशी प्रथम गेला असेल, तर तुमच्या मैत्रिणीचे बरोबर आहे. पण तो सदाशिव पेठेतून कोथरूडला, काहीही काम नसताना, महिनाभर रोज चहाला जात असेल आणि विचारल्यास ‘इथला चहा चांगला असतो’ असे सांगत असेल, तर रखवालदार कधीतरी बोलणारच होता.

उत्तर – तळटीप

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण एक गोष्ट राहून गेली. त्याच कादंबरीत योगायोग खुन्याच्या मदतीलाही धावून येतो. दुसऱ्या मजल्यावर काम करणारे रंगारी नेमके बाहेर पळालेले असतात, म्हणून त्याला त्या रिकाम्या घराच्या दाराआड लपता येते; तिथे त्याच्याकडून पडलेले दागिने एका रंगाऱ्याला सापडतात आणि पुढे तोच रंगारी न केलेल्या खुनाची कबुली देतो. म्हणजे बाहेरून त्याची सुटका जवळपास झालेली आहे आणि तपास करणाऱ्या पोर्फिरीच्या हाती ठोस पुरावा नाही. तरी तो पोलिसांसमोर जाऊन उभा राहतो. दैवाने वाचवलेला माणूस आतून वाचत नाही, ही या कादंबरीची ताकद आहे. तुमच्या छत्रीने नेमके हेच हिरावून घेतले आहे, कारण नायक पकडला जातो तो शेजारणीच्या विसराळूपणामुळे, आणि त्यात त्याच्या मनाचा काहीच वाटा उरत नाही.

दोस्तोयेव्हस्कीचे सगळेच योगायोग मला पटतात असे नाही. रास्कोलनिकोव्ह ज्या सोन्या नावाच्या मुलीजवळ खुनाची कबुली देतो, तिच्या खोलीला लागूनच स्विद्रिगायलोव्ह हे दुसरे पात्र नेमके बिऱ्हाड करते आणि त्याला भिंतीपलीकडची ती कबुली ऐकू येते, हे आजही ओढूनताणून आणलेले वाटते. पण पहिल्यांदा चोरून ऐकण्यात त्याला इतका रस वाटतो की पुढच्या वेळी नीट बसून ऐकता यावे म्हणून तो दाराशी खुर्ची आणून ठेवतो. त्या एका खुर्चीमुळे तो माणूस आपल्याला आरपार कळतो.

उत्तर – रेवदंड्याची वाट

पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५० सालच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’चा उल्लेख इथे व्हायला हवा. आगगाडीत दोन अनोळखी माणसे समोरासमोर येतात आणि त्यातला एक जण एकमेकांसाठी खून करण्याचा प्रस्ताव मांडतो. कादंबरी उभी आहे ती या एका भेटीवर, पण ती भेट अगदी आरंभी आहे, आणि पुढचे सारे प्रस्ताव मांडणाऱ्या ब्रुनोच्या हट्टातून व गाय नावाच्या दुसऱ्या प्रवाशाच्या दुबळेपणातून ओघाने येते. गोष्ट सुरू करून देणारा योगायोग वाचक मुकाट्याने मान्य करतो. गाठ सोडवणारा योगायोग मात्र त्याला फसवणूक वाटते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे शेवटच्या प्रकरणात चालत नाही. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी जे दहा नियम सांगितले, त्यांतही अपघाताने गुप्तहेराला कधीच मदत करू नये असे बजावले होते. तुमची कादंबरी त्या कुळातली नाही, पण छत्रीला हा नियम लागू पडतो.

एक सुचवू का? तुमचा नायक मुद्रिते तपासतो. शेजारणीच्या दाराला गवळ्यासाठी अधूनमधून ‘उद्या दुध नको’ अशी चिठ्ठी अडकवलेली असते असे समजा. भावाकडे येता-जाता ती त्याला दिसते आणि तो पहिला उकार त्याच्या डोळ्यांत खुपतो. खून करून उतरताना तो तिथे थांबतो, खिशातले लाल पेन काढतो आणि ‘दु’चा ‘दू’ करतो.

प्रश्नकर्ता – वाळवंटातला पिंपळ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. रेवदंड्याची वाट, तुमची सूचना वाचून मी काल रात्रीच ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतले. छत्री गेली. शेजारीण आता त्याला पाहतच नाही. सकाळी चिठ्ठी काढताना तिला दुरुस्ती दिसते आणि ती पोलिसांना दाखवायचीही तिला सुचत नाही. चौथ्या दिवशी, शोकाला आलेल्या माणसांत बसलेला असताना, तो स्वतःच त्या चिठ्ठीविषयी चौकशी करतो.

अमृततुल्याचा महिना मात्र अजून जमत नाही. रोजचा तो चहा कंटाळवाणा न होता वीस-पंचवीस पानांत कसा पसरावा, हे कृष्णाकाठची यांना विचारायचे आहे. सध्या एवढेच ठरवले आहे की तो रोज रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि रखवालदार ज्या दिवशी बोलतो त्या दिवशी तो प्रथमच इमारतीच्या दाराकडे तोंड करून बसलेला असतो.