बाबांच्या खालच्या कवळीबद्दल
बाबांचे खालचे सगळे दात गेलेत आणि मिनी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचे बारीक स्क्रू) स्वस्तात बसतील का, असं तुम्ही विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या मोठेबाबांची कवळी ज्वारीची भाकर चावताना सारखी उचलायची. फल्लीदाण्याचा एक कण खाली शिरला की डोळ्यांत पाणी. शेवटी पुढच्या बाजूला टायटॅनियमचे दोनच स्क्रू बसवले, 3 महिने हाडाला ते घट्ट धरू दिले, मग त्यावर बटणासारखी टक्कन अडकणारी कवळी. रात्री काढून धुतात. प्रत्येक दाताला वेगळा स्क्रू लागत नाही. मिनी इम्प्लांट 3 मिलिमीटरहून बारीक असतात. हाड अरुंद असेल तर ठीक. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याच्या हाडाचा 3D एक्स-रे) आणि शुगर पाहा. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) सोडवा, नाहीतर स्क्रू सुटायची भीती जास्त. आमच्याकडे तेच सगळ्यात अवघड गेलं, ऑपरेशन नाही!